वाफेच्या हत्तीचा रविवार

सकाळी ६.००

आज हत्ती चालला पाहिजे. मागच्या खोलीतल्या टेबलावर त्याचं डोकं, सोंड आणि पाठीचा कणा तयार आहे. पाय अजून सुटे आहेत आणि पोटाच्या जागी नुसती पोकळी आहे. मागे चाकांवरचे दोन बंगले जोडायचे आहेत. सगळं लेगोच्या ठोकळ्यांचं.

कल्पना माझी नाही. ज्यूल व्हर्नची एक कादंबरी १८८० साली आली. इंग्रजीत ती ‘द स्टीम हाऊस’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात काही युरोपियन मित्र कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थानच्या सफरीला निघतात आणि त्यांची दोन फिरती घरं ओढतो वाफेवर चालणारा पोलादी हत्ती. वीस फूट उंच, तीस फूट लांब, धूर सोंडेतून. व्हर्न भारतात कधी आला नव्हता.

‘स्टीमपंक’ हा शब्द त्यानंतर शंभरेक वर्षांनी आला. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या पत्रात तो वापरला. जग पेट्रोल आणि विजेकडे वळलंच नाही, पितळ, पोलाद आणि वाफेवरच पुढे गेलं, असं समजून रचलेल्या गोष्टी आणि वस्तू म्हणजे स्टीमपंक. ठोकळ्यांतून असली यंत्रं करणारे लोक जगभर आहेत. कुणी हवेतली जहाजं करतो, कुणी आठ पायांची इंजिनं. मी हे करताना एकच नियम पाळते: खोटं एकदाच बोलायचं. वाफेचा हत्ती होता, हे ते खोटं. तिथून पुढचं सगळं खरं असलं पाहिजे.

सकाळी ६.४५

आधी मापं. लेगोची बाहुली ४ सेंटिमीटर उंच असते. तिला साडेपाच फुटी माणूस मानलं तर प्रमाण १:४२ च्या आसपास येतं. त्या हिशेबाने व्हर्नचा हत्ती साडेचौदा सेंटिमीटर उंच आणि पावणेबावीस सेंटिमीटर लांब. ठोकळ्यावरच्या दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे १८ स्टड उंच, २७ स्टड लांब. एवढ्यात मोटर, गिअर, चार पाय आणि बॉयलर बसवायचा आहे.

आठवड्याचे सहा दिवस मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये प्लॅस्टिकच्या भागांचे साचे डिझाइन करते. त्यामुळे हा ठोकळा हातात घेतला की मला खेळणं दिसायच्या आधी त्याचा साचा दिसतो. या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी झाला. सुरुवातीचं सेल्युलोज ॲसिटेट काळाने वाकायचं, म्हणून १९६३ पासून एबीएस हे प्लॅस्टिक आलं. एबीएस साच्यात थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. तेवढा साचा मोठा कापायचा, आणि तरीही प्रत्येक ठोकळा प्रत्येक ठोकळ्यावर घट्ट बसला पाहिजे आणि पोराच्या बोटांनी सुटलाही पाहिजे. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

सकाळी ७.३०

चहा टेबलापासून लांब ठेवून खण लावायला घेते. नवखा माणूस ठोकळे रंगाप्रमाणे लावतो. ते दिसतं छान, पण तपकिरी ढिगातून एक बारीक तपकिरी तुकडा शोधताना डोळे फुटतात. आकाराप्रमाणे लावले तर खणात निरनिराळे रंग असतात आणि हवा तो रंग चटकन नजरेत भरतो.

माझे दोन खण मात्र या हत्तीसाठी राखीव आहेत. त्यात सोनेरी तोट्या, बाहुलीच्या हातातल्या दुर्बिणी, कर्णे, मोटारीची स्टिअरिंग चाकं, बादल्यांच्या कड्या, बॅरल, वळणाऱ्या नळ्या, दाबमापकाचं चित्र छापलेल्या गोल चकत्या. स्टिअरिंग चाक नळीवर बसवलं की व्हॉल्व होतो. कर्णा उलटा धरला की भोंगा. रंग थोडेच घेतले आहेत: गडद तपकिरी, काळा, करडा आणि मोत्यासारखी झाक असलेला सोनेरी. सोनेरी जपून वापरायचा. सगळंच चमकायला लागलं की यंत्र कामाचं वाटत नाही, लग्नाच्या वरातीतलं वाटतं.

सकाळी ८.१५

आता पाय. खरा हत्ती घोड्यासारखा दुडकत नाही. आधी डावा मागचा पाय, मग डावा पुढचा, मग उजवा मागचा, मग उजवा पुढचा, या क्रमाने तो चालतो. चार पाय, चार ठोके, प्रत्येकात पाव फेऱ्याचं अंतर. लेगो टेक्निकचा अ‍ॅक्सल अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा असतो. त्यावर क्रँक बसवायचा तर तो पाव पाव फेऱ्यानेच फिरवून बसवता येतो. हत्तीला नेमकं तेवढंच हवं असतं.

वजन मात्र पायांवर घ्यायचं नाही. ते मागच्या पायांआड लपलेल्या चाकांवर आणि पुढच्या छोट्या चाकांवर राहील. पाय जमिनीच्या जेमतेम वर हलतील. हे मनाचं समाधान नाही. व्हर्नच्या गावी, फ्रान्समधल्या नांतमध्ये, २००७ पासून एक १२ मीटर उंच यांत्रिक हत्ती लोकांना पाठीवर घेऊन फिरतो. त्याचाही भार चाकांवर असतो आणि पाय चालण्याचा आभास देतात.

पण आभास पटायचा तर गणित जुळलं पाहिजे. चाकाचा व्यास १८ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी ५६ मिलिमीटर पुढे जाणार. पाय अर्धा फेरा जमिनीलगत असतो, म्हणून त्या वेळात पाऊल २८ मिलिमीटर मागे गेलं पाहिजे. कमी गेलं तर ते जमिनीवर फरफटल्यासारखं दिसतं. क्रँक ८ मिलिमीटरचा, म्हणजे त्याची एकूण हालचाल १६. तळाशी २८ हवी, म्हणजे पावणेदोन पट. टेक्निकच्या पट्टीला दर ८ मिलिमीटरवर भोक असतं. खुब्यापासून चौथ्या भोकाच्या जागी खाच ठेवून तिथे क्रँक अडकवला आणि सातव्या भोकाशी पाऊल आणलं की सात भागिले चार, बरोबर पावणेदोन.

गिअरचं गणित त्याहून सोपं. लेगोचे दाते मॉड्यूल १ चे असतात, म्हणजे ८ दात्यांच्या गिअरचा पिच व्यास ८ मिलिमीटर आणि २४ दात्यांचा २४. दोघांच्या केंद्रांत १६ मिलिमीटर अंतर पडतं, म्हणजे नेमकी दोन भोकं. अशा दोन जोड्या लावल्या की मोटरचे नऊ फेरे म्हणजे चाकाचा एक. हत्तीला घाई नसते.

सकाळी १०.४५

आज रविवार, म्हणजे जुना बाजार भरलेला. मुलाला घेऊन मंगळवार पेठेत जाते. इथे जमिनीवर पसरलेल्या मालात घड्याळांची चाकं, पितळी कोयंडे, कंदील, जुने पाने, सुट्या तोट्या असं सगळं सापडतं. परदेशातले स्टीमपंकवाले लंडनच्या धुक्याकडे बघून यंत्र रचतात. मला हत्तीच्या पोटासाठी जे हवं ते एका कोपऱ्यात पडलेलं होतं: तांब्याचा बंब.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे बंब पिढ्यान् पिढ्या घडले. मधोमध उभं नळकांडं, त्यात निखारे, खाली जाळी, वर धुरांडं, भोवती पाणी आणि तळाशी तोटी. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनातही विस्तवाची नळी पाण्यातून जाते. फरक एवढाच की तिथे नळ्या शेकडो आणि झाकण घट्ट बंद. बंबाचं पाणी ओतायचं तोंड उघडं असतं, म्हणून त्यात दाब साठत नाही आणि न्हाणीघर शाबूत राहतं.

मी टेपने व्यास आणि उंची घेते. कडी जिथे अंगाला लागते तिथले रिव्हेट वहीत काढते. पत्रा जिथे दुमडून सांधलेला आहे ती रेघही काढते. विक्रेता मुलाला म्हणतो, “ताई घेणार आहेत की फोटोच काढणार?” मुलगा म्हणतो, “आई तो प्लॅस्टिकमध्ये करणार आहे.” विक्रेत्याने यावर काहीच न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. दोन पितळी तोट्या घेऊन आम्ही घरी आलो. त्या मॉडेलला लागणार नाहीत, पण त्यांची वळणं बघायला हव्यात.

दुपारी १२.१५

आता पोट. चौकोनी ठोकळ्यांतून गोल काढायचं तर स्टड वर न ठेवता बाजूला वळवावे लागतात. त्यासाठी अंगावर आडवा स्टड असलेले ठोकळे आणि काटकोनी ब्रॅकेट असतात. सगळं उभं आहे ते एका मापावर: पातळ प्लेटची जाडी ३.२ मिलिमीटर, पाच प्लेटा म्हणजे १६ मिलिमीटर, आणि दोन स्टड म्हणजेही १६. पाच प्लेटा आडव्या केल्या की दोन स्टडांच्या जागेत त्या फटीशिवाय बसतात.

मोटर ३ स्टड रुंद, ६ स्टड लांब. तिच्या चारी बाजूंना दोन-दोन स्टडांची भिंत, वरून वक्र ठोकळे. ३ आणि २ आणि २, एकूण ७. बॉयलरचा व्यास ५६ मिलिमीटर. १:४२ ने मोठा केला तर सव्वादोन मीटरच्या वर. बंबात जिथे विस्तव असतो तिथे माझी मोटर आली. तिला बाहेरून कुणी बघणार नाही, पण शक्ती जिथून यायला हवी तिथूनच येते आहे.

व्हर्नच्या हत्तीचं यंत्र कातडीखाली लपलेलं. रस्त्यावरच्या माणसाला तो खराच वाटावा यात त्याची गंमत होती. स्टीमपंकची आवड नेमकी उलट, यंत्र दिसावं अशी. म्हणून डाव्या कुशीला कातडी लावायची आणि उजवी कूस उघडी ठेवायची, असं मी ठरवते. एका बाजूने हत्ती, दुसऱ्या बाजूने बंब.

दुपारी २.३०

जेवणं झाली. खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं आहे, तेव्हा साडेतीनपर्यंत मोटर बंद. हा वेळ रिव्हेटचा. एका स्टडाच्या गोल प्लेटा ओळीने बसवायच्या. मुलाला रिव्हेट सगळीकडे हवे असतात. मी त्याला सांगते, रिव्हेट दोन पत्रे जिथे जुळतात तिथेच येतो. पत्रा जिथे अखंड आहे तिथे त्याचं काय काम?

अण्णा वामकुक्षी सोडून येऊन बसले आहेत. माझे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. वाफेची इंजिनं जाईपर्यंत त्यांनी बॉयलरच केले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी उजवी कूस न्याहाळली आणि एका सोनेरी नळीवर बोट ठेवलं.

“ही कुठून येते?”

“बॉयलरमधून.”

“आणि जाते कुठं?”

मी सांगते, सिलिंडरकडे. त्यांनी बोट नळीबरोबर सिलिंडरपर्यंत नेलं आणि मान हलवली. मग पुढची. अशी प्रत्येक नळी. पाणी आत घेणारी, वाफ पुढे नेणारी, वापरलेली वाफ धुरांड्यात सोडणारी. ती शेवटची महत्त्वाची, कारण धुरांड्यात सुटणारी वाफच विस्तवाला हवा ओढून देते. इंजिनाचा छुकछुक आवाज तोच. माझी ती नळी सोंडेच्या मुळाशी जाते, म्हणून ती पास.

“गेज ग्लास?”

मी पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी दाखवते.

“एकच? अगं, दोन लागतात. एक फुटली तर काय, अंदाजानं चालवणार? आणि सेफ्टी व्हॉल्व?”

व्हॉल्व जागेवर होता. दुसऱ्या गेज ग्लाससाठी दोन रिव्हेट काढले. फायरबॉक्सच्या छतावर लेड प्लग असतो, पाणी कमी झालं की तो वितळतो आणि वाफ खालच्या विस्तवावर सुटते, हे अण्णांनी नातवाला चहाच्या टोपाचं झाकण हातात घेऊन समजावलं. प्लग आतल्या बाजूला असतो, मॉडेलमध्ये दिसणार नाही. तरी त्याने सर्वांत आतल्या थरात एक करडी गोल प्लेट लावली.

दुपारी ४.००

पहिली चाल. बॅटरीचा डबा हत्तीत मावत नाही, म्हणून सहा पेन्सिल सेल पहिल्या बंगल्याच्या जमिनीखाली आहेत. तिथून मोटरपर्यंत येणारी वायर वळणाऱ्या नळीसारखी सोडली आहे. एवढ्या नळ्यांत खरोखर काही वाहतं ती हीच.

एकटा हत्ती सुरेख चालतो. पाय क्रमाने पडतात, पाऊल फरफटत नाही. बंगले जोडले की चाकं जागच्या जागी फिरतात. सेलांचं वजन डब्यात आणि ओढणारा हत्ती हलका.

अण्णांना यात काही नवल वाटत नाही. “ताकद किती ते नंतर. चाकावर वजन किती? पावसात रुळावर वाळू सोडायचो आम्ही, ते कशासाठी?” टेबलावर वाळू टाकता येत नाही. मग मी बंगल्याची पुढची चाकं काढली. त्याची पुढची बाजू हत्तीच्या मागच्या चाकांवर येणाऱ्या दांड्यावर टेकवली आणि सेलांचा डबा सरकवून अगदी पुढे आणला. हायवेवरच्या ट्रेलरचं वजन ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकांवर येतं, तीच रचना. वळताना दांडा फिरायला हवा म्हणून खाली गोल चकती. तासभर गेला, पण हत्ती दोन्ही बंगल्यांसह सरकला.

संध्याकाळी ५.४५

चहा, आणि प्रवासी बसवायचं काम. मुलाने उंच टोप्या आणि चष्मे काढून ठेवले आहेत. स्टीमपंकच्या बाहुल्या अशाच असतात.

इथे मला व्हर्नशी भांडायचं आहे. त्याची कादंबरी सुरू होते ती १८६७ च्या मार्चमध्ये औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला इनामाच्या जाहीरनाम्याने. हत्तीतून फिरणाऱ्या कर्नलचं नानासाहेबांशी जुनं वैर आहे आणि गोष्टीतला खलनायक नानासाहेबच. इतिहासात नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत गेले आणि त्यानंतरची खात्रीची बातमी नाही. व्हर्नने त्या रिकाम्या जागेत आपली गोष्ट घातली. लेखकाला ती मुभा आहे. पण एकच खोटं बोलायची मुभा मलाही आहे. वाफेचा हत्ती खरा मानायचाच, तर तो साहेबाच्याच दावणीला का? मी पुढच्या बंगल्याच्या खिडक्या काढून महिरपी लावल्या. त्यात पगडी घातलेली बाहुली बसवली. हत्ती आता नानासाहेबांचा.

मुलाला हे एकदम पटलं. अण्णा गप्प बसले होते. मग म्हणाले, “मालक कोण ते नंतर बघू. फायरमन कुठाय?”

कुणीच नव्हता. डोक्यावरच्या हौद्यात ड्रायव्हर होता, डब्यांत प्रवासी होते. कोळसा मारणारा माणूस व्हर्नकडे तरी आहे. माझ्या हत्तीत तो बसवायला जागाच नव्हती.

संध्याकाळी ७.१५

हत्ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, दोन्ही बंगल्यांसह. मुलाने फोनवर चित्रण केलं. शेजारचे काका बघून गेले. त्यांनी विचारलं ते नेहमीचं, किती खर्च आला. मी नेहमीसारखा निम्मा आकडा सांगितला.

माझं लक्ष हत्ती आणि पहिल्या बंगल्याच्या मधल्या जागेकडे होतं. अण्णांचा प्रश्न फक्त फिटरचा नव्हता. बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं काम १८५६ ते १८६३ चाललं. चढ ३७ फुटांना एक फूट. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच काळात मेला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ते काम पुढे नेलं. ही दोन नावं पुस्तकात आहेत. त्या घाटात हजारो मजूर मेले, त्यांची नाहीत. वाफेच्या युगाचं मॉडेल करताना पितळ, रिव्हेट आणि चष्मे लावायचे आणि कोळसा कोण मारतो हे सोडून द्यायचं, म्हणजे एका खोट्यावर दुसरं खोटं. मालक बदलून ते सुटत नाही. पगडीवाला बसवला तरी विस्तव आपोआप पेटत नाही.

रात्री ९.००

खण मिटले. उरलेल्या कामांची यादी वहीत:

एक, हत्तीच्या शेपटीमागे फायरमनसाठी फूटप्लेट. माणूस उभा राहून फावडं फिरवेल एवढी जागा, म्हणजे कमीत कमी दोन स्टड.

दोन, ही जागा फक्त पहिल्या बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यातून मिळते. खालचा सेलांचा डबा हलवायचा नाही, नाहीतर चाकावरचं वजन जाईल.

तीन, फावडं खणात आहे. उघड्या अंगाची बाहुलीही आहे. कोळशासाठी काळे गोल तुकडे लागतील.

मुलगा वहीत डोकावून विचारतो, “म्हणजे नानासाहेबांचा व्हरांडा तोडणार?”

“हो. उद्या कामावरून आल्यावर.”

“त्यांना चालेल?”

“इंजिन चालायला हवं असेल तर चालवून घ्यावं लागेल.”